नकली बॉयफ्रेंड आणि खरं लग्न : थाई मालिकांबद्दल थोडंसं

मे महिन्याच्या सुट्टीत भाची आमच्याकडे आली होती. चार दिवस तिची मान मोबाईलवरून वर होईना. काय बघतेयस विचारलं, तर म्हणाली, "मामा, थाई बीएल. बॉइज लव्ह. दोन मुलांची लव्हस्टोरी असते." आणि वर मला ज्ञान दिलं, "या सिरियल्समुळेच थायलंडमध्ये समलिंगी लग्नाचा कायदा झाला, माहितीये?"

मला माहीत नव्हतं. म्हणून बघायला बसलो. सगळं यूट्यूबवर फुकट, खाली इंग्रजी सबटायटल्स. एक करता करता पाच मालिका झाल्या, सोबत थोडं वाचनही झालं. तर भाचीच्या त्या वाक्याचं काय करायचं, याबद्दल ही पोस्ट. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

या कथांचं मूळ जपानमध्ये आहे. १९७० च्या दशकात केइको ताकेमिया, मोतो हागियो अशा चित्रकथाकार बायकांनी मुलींच्या मासिकांत दोन मुलग्यांच्या प्रेमाच्या गोष्टी काढायला सुरुवात केली. त्यातून पुढे 'याओई' नावाचा प्रकार रुळला. ती पुस्तकं थायलंडला पोचली आणि याओईच्या पहिल्या अक्षरावरून तिथे त्याला नुसतं 'वाय' म्हणू लागले. वाचक मुली, आणि इंटरनेटवर कादंबऱ्या लिहिणाऱ्याही बहुतेक मुलीच. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंचसं यातूनच येतं.

टीव्हीवर हा प्रकार रुजवला २०१४ च्या 'लव्ह सिक'ने. तीही इंटरनेटवरच्या कादंबरीवरून केलेली. गोष्ट काय, तर शाळेतल्या फुन नावाच्या मुलाच्या मागे वडील लागलेत की माझ्या मित्राच्या मुलीशी जमव. फुनची धाकटी बहीण याओईची वेडी. भावाला बॉयफ्रेंड आहे म्हटल्यावर ती वडिलांना पटवेल, म्हणून फुन शाळेतल्या नोहला गळ घालतो, की माझा खोटा खोटा बॉयफ्रेंड हो. म्हणजे पहिल्याच मालिकेत प्रेक्षक मुलगी स्वतः पात्र होऊन बसलीय, आणि दोन मुलगे तिच्यासाठी प्रेमाचं नाटक करतायत! बीएलवरची सगळी टीका या एका प्रसंगात मावते.

मग २०१६ ची 'सोटस'. इंजिनिअरिंग कॉलेज, रॅगिंग करणारा सीनियर आणि त्याला न जुमानणारा ज्युनियर. पहिल्याच भागात ज्युनियर सगळ्यांसमोर म्हणतो, की मी तुम्हाला माझी बायको करीन. दोघं पुरुष, तरी कोण 'नवरा' आणि कोण 'बायको' हे ठरल्याशिवाय या मालिकांचं पान हलत नाही. आणि रॅगिंगचं म्हणाल, तर त्यावर प्रश्न उठतात खरे, पण अखेरीस ती पद्धतही गोडच वाटायला लागते.

२०२० मध्ये लॉकडाऊनच्या तोंडावर आली 'टुगेदर', आणि हा प्रकार जगभर पोचला. यातही नकली बॉयफ्रेंड. टाइनच्या मागे ग्रीन नावाचा एक मुलगा लागलाय. बायकी हावभावाचा आणि उघडपणे गे. त्याला टाळायला टाइन सारावतला म्हणतो, माझा प्रियकर असल्याचं नाटक कर. बघा हं, गोष्टीत जो खरोखर, न लाजता गे आहे, तो ताप आहे, हसण्याचा विषय आहे. आणि त्याच्यापासून सुटका करून घेताना दोन देखण्या 'सरळ' मुलांचं जे जुळतं, ते मात्र पवित्र प्रेम. "मी गे नाही, मला फक्त तो आवडतो" हा सूर या मालिकांत इतक्यांदा ऐकू येतो की पाठ होतो.

माझा एक कॉलेजपासूनचा मित्र आहे. आता पंचेचाळिशीचा. आम्हा दोन-तीन जणांशिवाय त्याच्याबद्दल कुणाला माहीत नाही. त्याला मी दोन भाग दाखवले. शांतपणे बघितले आणि म्हणाला, "छान आहे रे. पण यात मी कुठे आहे? मी तर तो ग्रीन. ज्याला कटवायचंय तो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता कायद्याकडे येऊ. थायलंड कुणाची वसाहत नव्हता, तरी १९०८ च्या दंडसंहितेत युरोपीय वळणाने समलिंगी संबंध गुन्हा ठरले होते. १९५६ च्या नव्या संहितेत ते कलम राहिलं नाही. आपल्याकडे ३७७ चा फास सुटायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. म्हणजे मालिका आल्या तेव्हा पोलिसांची भीती जाऊन तिथे जवळजवळ साठ वर्षं झाली होती. पण गुन्हा नसणं आणि मान असणं यात अंतर असतं. 'कथोय', म्हणजे पुरुष म्हणून जन्मून स्त्रीसारखं जगणारी माणसं, तिथल्या सिनेमात वर्षानुवर्षं विनोदापुरतीच. २०१० मध्ये तन्वारिन सुक्खापिसित या दिग्दर्शिकेने पारलिंगी पालकाच्या घराची गोष्ट 'इन्सेक्ट्स इन द बॅकयार्ड'मध्ये सांगितली, तर त्यावर बंदी आली. चार वर्षांनी 'लव्ह सिक' आरामात टीव्हीवर! कुठलं प्रेम चालतं आणि कुठलं नाही, ते यावरून कळतं. याच तन्वारिन २०१९ मध्ये खासदार झाल्या, देशातल्या पहिल्या पारलिंगी खासदारांपैकी एक.

आणि लग्नाची लढाई? ती लढल्या दोन स्त्रिया. त्यांची लग्ननोंदणी नाकारली गेली, प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेलं. १७ नोव्हेंबर २०२१ ला निकाल आला, की लग्न स्त्री-पुरुषाचंच, कायद्यात घटनाबाह्य काही नाही. गंमत बघा, नेमकी त्याच आठवड्यांत 'बॅड बडी' ही गाजलेली मालिका चालू होती. शुक्रवारी देश दोन मुलांच्या प्रेमावर जीव ओवाळत होता आणि बुधवारी न्यायालय म्हणत होतं, लग्न नाही. बरं, ज्या दोघी भांडल्या, त्यांच्यासारख्या जोडीला नायिका करून बेतलेली मालिका तोवर आलेलीही नव्हती. 'गॅप' आली ती २०२२ च्या नोव्हेंबरात.

मालिका बदलल्या हेही खरं, ते नाकारून चालणार नाही. 'बॅड बडी'ने नवरा-बायकोच्या त्या पाचकळ भाषेची टर उडवली. पाठोपाठ आलेल्या 'नॉट मी'मध्ये तर नायक मोर्च्यात सप्तरंगी झेंड्याखाली धावतात आणि मागणी असते विवाहसमानतेची. पण ही मागणी आधी रस्त्यावर आली होती. २०२० च्या विद्यार्थी आंदोलनांत तो झेंडा दिसत होता. पडद्याने तो तिथून उचलला.

पुढे २०२३ च्या निवडणुकीत पक्षांनी हे वचन दिलं. २७ मार्च २०२४ ला प्रतिनिधीगृहात ४०० मतं बाजूने, १० विरोधात. १८ जूनला सिनेटमध्ये १३० विरुद्ध ४. 'पती-पत्नी'च्या जागी 'जोडीदार' आला आणि २३ जानेवारी २०२५ पासून लग्नं लागायला लागली. आग्नेय आशियातला पहिला देश.

तर भाचे, तुझं वाक्य अर्धं बरोबर आहे. मालिकांनी घराघरातली भीड मोडली. आईबापांना हे प्रेम दिसायला सुंदर असू शकतं, हे दाखवलं. ते काम लहान नाही. पण कायदा आणला नोंदणी कार्यालयात नकार ऐकलेल्यांनी, कोर्टात हरूनही न थांबलेल्यांनी. आणि त्यांच्यातले कितीतरी त्या पडद्यावर दिसत नव्हते.

हे मी तिला सांगितलं, तर तिने विचारलं, "मग आपल्याकडे?" आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला आणि हे काम संसदेचं असं म्हटलं. तिथेही आधी न्यायालयाचा नकारच होता. पण तिथे नकारापासून लग्नापर्यंत सव्वातीन वर्षं लागली, कारण पक्षांना त्यावर मतं मागावीशी वाटली. आपल्या मतदारसंघात कुणी उमेदवार या विषयावर एक वाक्य बोललेला तुम्ही ऐकलाय का? मी नाही.

जाता जाता एक. मित्राने परवा स्वतःहून फोन केला. म्हणाला, ती मोर्चावाली कुठली रे सिरियल, तिची लिंक पाठव. पाठवली. त्या मोर्च्यात त्याच्या वयाचं कुणी दिसतं का ते बघून सांगतो म्हणालाय.