दोन प्रवाहांची गाडी

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या दिशेने वळली की पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडीचे. त्याच्यापुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावे एकामागून एक येत जातात. कल्याणहून घाटाच्या पायथ्याकडे जाणारा हा लोहमार्ग १८५६ साली खुला झाला. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, त्या घटनेला तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. पुढे बोरघाट फोडून हा मार्ग पुण्यास मिळाला आणि मुंबई-पुण्याचे दळणवळण विठ्ठलवाडीच्या वेशीवरून वाहू लागले. वाफ, वीज आणि विजेचे दोन निरनिराळे प्रकार, अशा तीन राजवटी या रुळांनी पाहिल्या आहेत. हा इतिहास आज आठवण्यास एक घरगुती कारण घडले आहे.

पेट्रोल आणि वीज या दोहोंच्या बळावर चालणारी, जिला संकरित किंवा व्यवहारात हायब्रिड म्हणतात अशी मोटार अलीकडे पुष्कळ कुटुंबांच्या दारी आली आहे. आता ती विक्रेत्याच्या स्वाधीन करून, वर काही लाखांची भर घालून, निव्वळ विजेवर चालणारी मोटार घ्यावी काय, असा प्रश्न त्याच कुटुंबांपुढे उभा आहे. मध्यम स्थितीतील गृहस्थाच्या आयुष्यात घराच्या खालोखाल मोठा खर्च मोटारीचाच असतो. कर्जाचे हप्ते पाच-सात वर्षे चालतात. निर्णय चुकला तर त्याचे ओझे सबंध घरास वाहावे लागते. म्हणून हा प्रश्न हौसेचा म्हणून सोडून देता येत नाही.

वस्तुतः या दोन्ही मोटारी नव्या नाहीत. १९०० च्या सुमारास अमेरिकेतील मोटारींपैकी जवळजवळ एक तृतीयांश विजेवर चालत होत्या. त्या आवाज करीत नसत, धूर सोडीत नसत, आणि चालू करण्यासाठी हातात दांडा घेऊन घाम गाळावा लागत नसे. त्याच वर्षाच्या आसपास व्हिएन्नामध्ये फर्डिनांड पोर्शे या तरुण यंत्रज्ञाने लोहनर कंपनीसाठी पेट्रोलच्या इंजिनाने वीज निर्माण करून चाके फिरविणारी गाडी बनविली. आजच्या संकरित मोटारीची ती पूर्वजच होय. परंतु १९०८ मध्ये फोर्डची स्वस्त मोटार आली, आणि १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीस विजेचा स्टार्टर लाभून हाताने दांडा फिरविण्याची कटकट संपली. विजेच्या मोटारीला मागे सारण्याच्या कामी विजेनेच असा हातभार लावला! तिचे खरे दुर्बलत्व मात्र अन्यत्र होते. पेट्रोलचा डबा कोणत्याही खेड्यात नेऊन ठेवता येत होता. विजेची तार अद्याप शहराबाहेर पडली नव्हती. गाडी उत्तम, पण तिला अन्न पुरविणारी व्यवस्था अपुरी, असा तो प्रकार होता.

रस्त्यावर जे साधले नाही ते रुळांवर साधले, कारण रेल्वेने गाडीबरोबर तारही स्वतःच बांधली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्यास हिंदुस्थानातील विजेची पहिली आगगाडी गेली. १९२९ पर्यंत विजेच्या तारा विठ्ठलवाडीवरून घाट चढून पुण्यास पोहोचल्या. त्याच साली ठाकुर्लीजवळ चोळे येथे रेल्वेने कोळशावर चालणारे स्वतःचे वीजकेंद्र उभारले. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी याच तारांखालून धावू लागली.

या तारांतील वीज १,५०० व्होल्ट दाबाची आणि एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डी. सी. प्रकारची होती. त्या काळच्या मोटरांना ती मानवत असे. परंतु कमी दाबाने मोठी शक्ती पोहोचवावयाची तर तारेतून प्रवाह फार मोठा सोडावा लागतो, आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून तारा जाड आणि उपकेंद्रे थोड्या थोड्या अंतरावर, असा खर्चाचा संसार मांडावा लागे. १९५७ साली भारतीय रेल्वेने फ्रान्समधील अनुभव पाहून २५,००० व्होल्ट दाबाची, दिशा पालटत राहणारी ए. सी. वीज यापुढील कामांसाठी स्वीकारली. दाब सोळा-सतरा पट वाढला की तेवढ्याच शक्तीला लागणारा प्रवाह तितक्याच पटीने उतरतो. तार हलकी होते आणि उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात. देशभर नवी वीज पसरत गेली. मुंबईच्या परिसरात मात्र जुनीच राहिली. जिने सर्वांआधी पुढाकार घेतला, तीच नगरी आता मागे पडली.

येथून पुढची कथा आजच्या प्रश्नाशी अगदी जवळची आहे. मध्य रेल्वेवर इगतपुरी आणि पश्चिम रेल्वेवर विरार या ठिकाणी दोन विजांची सरहद्द पडली. सरहद्दीवर इंजिन बदलावे तर वेळ जातो, आणि इंजिनेही दुप्पट लागतात. यातून दोन्ही विजांवर चालणारे इंजिन जन्मास आले. १९७० नंतरच्या दशकात पश्चिम रेल्वेसाठी चित्तरंजन येथे अशी इंजिने तयार झाली. मध्य रेल्वेसाठी भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या कारखान्याने १९९७ पासून डब्ल्यूसीएएम-३ या जातीची इंजिने बांधली आणि त्यांचे बिऱ्हाड कल्याणच्या शेडमध्ये मांडले. त्यांच्या नावातील ‘सी’ हे अक्षर डी. सी. चे आणि ‘ए’ हे ए. सी. चे. त्याच १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टोयोटा कंपनीची प्रियस ही संकरित मोटार विक्रीस आली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दोन घरांचा पाहुणा उपाशी राहत नाही, पण त्याला गाठोडे मात्र दोन घरांचे वाहावे लागते. या इंजिनाची अवस्था तशीच होती. मोठा दाब उतरविणारा जड ट्रान्सफॉर्मर डी. सी. तारेखाली निरुपयोगी होई, तरी तो अंगावर बाळगावा लागे, आणि डी. सी. साठी बसविलेली सामग्री ए. सी. तारेखाली नुसते ओझे बने. डी. सी. वर त्याची शक्तीही काहीशी कमी पडे. संकरित मोटारीतही पेट्रोलचे इंजिन, टाकी आणि धुराडे यांच्या जोडीला बॅटरी आणि मोटर वागवावी लागते. ती इंधन वाचविते यात शंका नाही. वेग कमी करताना वाया जाणारी शक्ती ती बॅटरीत परत साठविते. परंतु देखभाल दोन यंत्रांची, वजन दोन यंत्रांचे आणि गुंतागुंतही दोन यंत्रांचीच असते.

तथापि या दुहेरीपणाला दोष देऊन थांबणे अन्यायाचे ठरेल. मुंबईच्या तारा बदलण्याचे ठरले तेव्हा अडचण अशी होती की, लक्षावधी लोकांची नित्याची वाहतूक एक दिवसही बंद ठेवणे शक्य नव्हते. एका रात्रीत सबंध मार्गाची वीज पालटणे अशक्य, आणि तुकड्यातुकड्याने पालटावी तर जुन्या लोकल गाड्या नव्या तुकड्यात निर्जीव होणार. यावर उपाय दुहेरी गाड्यांचाच होता. २००७ पासून मुंबईत दोन्ही विजांवर धावणाऱ्या नव्या लोकल गाड्या येऊ लागल्या, आणि त्यांच्या भरवशावर तारा टप्प्याटप्प्याने बदलण्यात आल्या. पश्चिम रेल्वेचे काम फेब्रुवारी २०१२ मध्ये पुरे झाले. मध्य रेल्वेवर घाटाकडील भाग आधी आणि मुंबईकडील भाग शेवटी, असा क्रम लागला. त्या संधिकालात विठ्ठलवाडीवरून मुंबईस निघालेली लोकल वाटेत एके ठिकाणी वीज बदलून घेई. तेवढे काही क्षण डब्यातील दिवे आणि पंखे बंद पडत आणि पुन्हा सुरू होत. जून २०१५ मध्ये मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्ग ए. सी. वर आला, आणि १९२५ साली सुरू झालेले डी. सी. पर्व संपले.

ज्या दुहेरी गाड्यांमुळे हे स्थित्यंतर घडले, त्यांचे दुहेरीपण त्याच स्थित्यंतराने अनावश्यक करून टाकले. पूल बांधण्यासाठी उभारलेली परांची पूल पुरा झाल्यावर उतरवावी, तसेच हे आहे. कल्याणच्या त्या इंजिनांना मात्र रेल्वेने लगेच भंगारात काढले नाही. त्यांतील डी. सी. चा अर्धा भाग मूक झाला आणि उरलेल्या अर्ध्या भागावर ती पुढेही वर्षानुवर्षे गाड्या ओढीत राहिली.

रेल्वेच्या या आचरणात गृहस्थाने घेण्यासारखे दोन धडे आहेत. पहिला असा की, रेल्वेने आधी तार पुरी केली आणि मग दुहेरीपणाचा त्याग केला. हा क्रम तिने कोठेही उलटा केला नाही. गृहस्थाच्या मालकीची मात्र गाडीच असते, तार त्याच्या हाती नसते. सरकारने गाडी सुलभ करण्याचे यत्न केले आहेत. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्या वेळी संकरित मोटारीवर २८ टक्के कर आणि वर अधिभार द्यावा लागत होता. २०२५ साली महाराष्ट्र सरकारने आपल्या नव्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग येथे विजेच्या मोटारींना पथकर माफ केला. पण जुन्या वस्तीतील चार मजली इमारत, तिला वाहनतळ नाही, गाडी रात्री रस्त्याच्या कडेला उभी, अशी ज्याची स्थिती, त्याच्या घरातील मीटरपासून गाडीपर्यंतची वीस-पंचवीस हातांची तार हीच त्याच्या दृष्टीने मुंबई-पुण्याच्या तारेएवढी मोलाची आहे. ज्याच्या वाहनतळावर रात्रभर वीज मिळण्याची सोय आहे आणि ज्याचा नित्याचा प्रवास बॅटरीच्या आवाक्यात आहे, त्याची तार पुरी झाली असे समजावे. त्याला दोन यंत्रांचे ओझे वाहण्याचे प्रयोजन उरत नाही. ज्याची ती सोय झालेली नाही, त्याच्या दारची संकरित मोटार अद्याप आपले काम चोख बजावीत आहे. त्याने शेजाऱ्याकडे पाहून घाई करण्याऐवजी आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत विजेच्या जोडणीचा प्रश्न मांडणे अधिक फलदायी ठरेल.

दुसरा धडा विजेच्या उगमाचा. १९२९ नंतर विठ्ठलवाडीच्या स्थानकात येणारी विजेची गाडी धूर सोडीत नव्हती. परंतु तिच्यासाठी चोळ्याच्या केंद्रात कोळसा जळत होता. धूर नाहीसा झाला नव्हता, तो एका जागी गोळा झाला होता. याच मुलुखात खोपोलीस १९१५ पासून टाटांचे जलविद्युत्केंद्र पाण्याच्या बळावर वीज निर्माण करीत होते. एकाच विजेची ही दोन मुळे जवळजवळ एका लोहमार्गाच्या कडेला नांदत होती. आजही महाराष्ट्रातील बरीचशी वीज कोळशापासून होते. म्हणून विजेची मोटार घेणाराने आपण धुराचे सारे ऋण फेडले असे मानू नये. मात्र एक लाभ निश्चित आहे. चोळ्याचे केंद्र कालांतराने बंद पडले, गाड्यांना दुसरीकडून वीज मिळू लागली, आणि त्यासाठी एकाही प्रवाशाला आपली गाडी बदलावी लागली नाही. पेट्रोलची मोटार जन्मभर पेट्रोलच मागते. विजेची मोटार उगम सुधारेल तसतशी आपोआप सुधारत जाते.

विठ्ठलवाडीच्या फलाटावरून वर पाहिले तर आज एकच तार दिसते. ती एकच राहावी यासाठी रेल्वेला १९५७ च्या निर्णयापासून सुमारे साठ वर्षे लागली, आणि त्यांतील चाळीसएक वर्षे दोन प्रवाहांच्या गाड्यांनी भार वाहिला. घरातील मोटारीचा हिशेब करणाऱ्या कुटुंबाने एवढा काळ थांबण्याची गरज नाही. आपल्या दारापर्यंतची तार पुरी झाली की नाही, एवढे मात्र त्याने पैसे मोजण्यापूर्वी पाहून घ्यावे.