तेजोमेघापासून कृष्णमेघापर्यंत : महाताऱ्यांच्या उत्पत्तीविषयीच्या विचाराचा इतिहास

तारे कशापासून होतात या प्रश्नाचा इतिहास जितका दुर्बिणींचा आहे तितकाच तो शब्दांचाही आहे. लॅटिन ‘नेब्युला’ या शब्दाचा अर्थ धुके अथवा विरळ ढग एवढाच. मराठीत त्यास ‘तेजोमेघ’ हा प्रतिशब्द रूढ झाला. शब्द सुंदर आहे यात शंका नाही. परंतु मुळात नसलेले तेज त्यात येऊन बसले आहे. याचा दोष मराठी शब्दकारांकडे जात नाही. युरोपातील ज्योतिर्विदांचे लक्षही जवळजवळ तीन शतके आकाशात जे चकाकते त्याच्याकडेच लागून राहिले होते. तारे जेथे प्रत्यक्ष घडतात ती स्थळे काळी आणि अतिशय थंड असतात, ही गोष्ट पुरतेपणी कळावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमान असलेल्या ताऱ्यांच्या बाबतीत तर हा उलगडा अधिकच उशिरा झाला, आणि तो आजही पुरा झालेला नाही. अशा ताऱ्यांस पुढे सोयीसाठी महातारे म्हटले आहे.

या इतिहासाचा बराचसा भाग एकाच नक्षत्राभोवती घडला आहे. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे आपल्याकडे सर्वपरिचित आहेत. त्या बाणाच्या दक्षिणेस जी अंधुक ताऱ्यांची ओळ लोंबताना दिसते तिच्या मध्यावर धुरकट ठिपका आहे. गॅलिलिओने हा प्रदेश दुर्बिणीतून न्याहाळूनही त्या ठिपक्याविषयी काही लिहिले नाही. १६१० मध्ये फ्रान्समधील पेरेस्क याने तो प्रथम नोंदविला, आणि १६५६ मध्ये हायगेन्सने पाहून १६५९ मध्ये त्याचे चित्र प्रसिद्ध केले. त्याच्या गाभ्यातील लहानशा चौकटीचे तारे हेच पुढे महाताऱ्यांच्या अभ्यासाचे मुख्य उदाहरण ठरावयाचे होते.

द्रव्य आपल्याच आकर्षणाने एकत्र येऊन तारे होतात, ही कल्पना प्रथम निरीक्षणातून आलेली नाही. १६९२ च्या डिसेंबरात न्यूटनने रिचर्ड बेंटलीस लिहिलेल्या पत्रात ती आढळते. द्रव्य अनंत अवकाशात सारखे पसरलेले असते तर ते एकाच ठिकाणी न जमता जागोजाग वेगवेगळ्या गोळ्यांत जमले असते, असा त्याचा तर्क होता. कान्ट (१७५५) आणि लाप्लास (१७९६) यांनी सूर्यमालेपुरता तो विस्तारला. परंतु या कल्पनेस आकाशातील दृश्य वस्तूंशी जोडण्याचे श्रेय विल्यम हर्शेलचे. १७९० च्या नोव्हेंबरात त्यास एका ताऱ्याभोवती धूसर प्रभा दिसली, आणि ती दूरच्या ताऱ्यांची गर्दी नसून खरोखरचे प्रकाशमान प्रवाही द्रव्य असले पाहिजे, असे अनुमान त्याने पुढील वर्षी मांडले. १८११ च्या निबंधात तर त्याने तेजोमेघांस विरळ ते घन अशा क्रमाने लावून, हीच ताऱ्यांच्या घडणीची पायरी-पायरी होय असे सुचविले.

हर्शेलचे अनुमान धाडसी होते, आणि त्याची दिशा उलटी होती. मृगातील तेजोमेघ चकाकतो तो तारा होण्याच्या मार्गावर आहे म्हणून नव्हे. त्यात आधीच जन्मलेल्या एका महाताऱ्याच्या प्रखर जंबुपार प्रकाशाने तेथील हायड्रोजन आयनीभूत होऊन प्रकाशतो. तो वायू सुमारे दहा हजार अंशांपर्यंत तापलेला असून प्रसरण पावत पांगत चालला आहे. म्हणजे ज्यास कच्चा माल समजले गेले ते वस्तुतः काम झाल्यानंतरचे उरलेसुरले होते. या आयनीभूत प्रदेशांचे गणित स्ट्रॉमग्रेनने १९३९ मध्ये दिले. त्यामागे मेघनाद साहांचे १९२० चे आयनीकरणाचे समीकरण आहे, हे येथे नमूद करणे उचित होईल.

मध्यंतरी एकोणिसाव्या शतकात तेजोमेघ वायुरूपच नाहीत असे मानण्याकडे कल झाला. १८४५ नंतर लॉर्ड रॉसच्या प्रचंड दुर्बिणीतून मृगातील तेजोमेघ सुट्या ताऱ्यांत विभागलेला दिसतो, अशी घोषणाही झाली. १८६४ च्या ऑगस्टात विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. त्यात ताऱ्यांच्या वर्णपटासारखा अखंड पट्टा नव्हता. मोजक्या तेजस्वी रेषा होत्या, म्हणजे वायू होता. त्यांतील हिरवी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा ‘नेब्युलियम’ नावाचे एक नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. नाव ठेवले की वस्तू आहे असे वाटू लागते. हे नाव बरीच वर्षे टिकले. १९२७ मध्ये आयरा बोवेनने ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे असे दाखविले, आणि ते मूलद्रव्य नाहीसे झाले.

काळोखाची कथा याहून मनोरंजक आहे. १७८५ च्या निबंधात हर्शेलने वृश्चिकातील एका तारेविरहित जागेस आकाशातील भोक असे म्हटले होते. शंभर वर्षांहून अधिक काळ या जागा रिकाम्याच मानल्या गेल्या. एडवर्ड बार्नार्डने आकाशगंगेची शेकडो छायाचित्रे घेतली. त्याचाही कल आरंभी तोच होता. परंतु इतकी भोके नेमकी आपल्याच रोखाने कशी उघडावीत, ही शंका टाळता येईना. १९१९ मध्ये त्याने १८२ कृष्णचिन्हांची सूची प्रसिद्ध केली, तोवर त्यांतील बहुतेक प्रकाश अडविणारे मेघ आहेत याविषयी त्याची खात्री पटलेली होती. दरम्यान १९०४ मध्ये पॉट्सडॅम येथे योहानेस हार्टमान याने मृगाच्या बाणातीलच एका ताऱ्याचा वर्णपट तपासला. हा तारा जुळा आहे, आणि त्याच्या रेषा सहा दिवसांहून थोड्या कमी अवधीत मागेपुढे सरकतात. कॅल्शियमची एक रेषा मात्र या हेलकाव्यात भाग घेत नव्हती. ती ताऱ्याची नव्हती; ती वाटेतल्या वायूची होती. आंतरतारकीय वायूचा हा पहिला भक्कम पुरावा. तारांतर्गत धुळीचे सार्वत्रिक अस्तित्व १९३० मध्ये ट्रंपलरने सिद्ध केले.

असा मेघ कोसळतो केव्हा, याचे उत्तर जेम्स जीन्सने १९०२ मध्येच दिले होते. मेघाच्या एखाद्या भागात दाट पुंजका झाला की दोन शक्ती एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात. वायूचा दाब तो पुंजका पसरविण्यास धावतो, आणि गुरुत्वाकर्षण त्यास आत ओढते. दाबाची वार्ता ध्वनीच्या वेगाने पोहोचते. पुंजका इतका मोठा असेल की ती पोहोचण्यापूर्वीच पतन पुढे गेलेले असेल, तर मेघ सावरू शकत नाही. यासाठी लागणारे किमान वस्तुमान तापमानाबरोबर वाढते आणि घनतेबरोबर घटते. जीन्सच्या गणितात एक सैल टाका आहे: सर्वत्र सारख्या पसरलेल्या अनंत माध्यमाचे स्वतःचे आकर्षण त्याने हिशेबात धरलेच नाही. तरीही निष्कर्ष टिकला. चंद्रशेखरांनी १९५१ मध्ये त्यात मेघातील खळबळीची भर घातली, आणि १९५३ मध्ये फर्मींसह चुंबकीय क्षेत्राची. मराठीत या घटनेस ‘आकुंचन’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो शब्द मंद व सावकाश क्रियेस शोभतो. येथे घडते ते पडणे आहे, आधार सुटलेल्या वस्तूचे पडणे. ते लाख वर्षे चालते, म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही.

मात्र याच जीन्सने पुढे ताऱ्यांचे वय लाखो कोटी वर्षे मानले. ते खरे असते तर ताऱ्यांचा जन्म ही दूरच्या भूतकाळातील गोष्ट ठरली असती, आणि आज तिचा शोध घेण्यात अर्थ उरला नसता. ही अडचण महाताऱ्यांनीच दूर केली. १९३९ मध्ये हान्स बेटेने ताऱ्यांतील हायड्रोजनच्या संमीलनाच्या प्रक्रिया स्पष्ट केल्या, तेव्हा इंधनाचा हिशेब मांडता येऊ लागला. सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा तारा सूर्याच्या सुमारे चाळीस हजार पट तेज उधळतो. म्हणजे सूर्यास जेथे एक हजार कोटी वर्षे पुरतात तेथे त्याची शिदोरी एक कोटी वर्षांच्या आतबाहेरच संपते. मृगातील महातारे आज दिसतात त्या अर्थी ते अलीकडेच जन्मलेले असले पाहिजेत. १९४७ मध्ये व्हिक्टर आंबार्टसुमियान याने अशा तेजस्वी ताऱ्यांचे विरळ संघ दाखवून ते विस्कळित होण्याच्या मार्गावर आहेत, म्हणून तरुण आहेत, असे प्रतिपादिले. ते अतिघन वस्तूंच्या फुटण्यातून निर्माण होतात हे त्याचे मत पुढे टिकले नाही. तारुण्याचा मुद्दा टिकला. १९५२ मध्ये ब्लाउने ययाती तारकासमूहातील एका संघाच्या ताऱ्यांच्या गती उलट मोजून त्याचे वय सुमारे तेरा लाख वर्षे काढले. पृथ्वीच्या इतिहासात हा काल्पनिक वाटावा इतका अलीकडचा काळ होय.

प्रत्यक्ष जन्मस्थान पाहण्यास दृश्य प्रकाश निरुपयोगी होता. १९६५ मध्ये एरिक बेकलिन व गेरी नॉयगेबाउअर यांनी मृगातील तेजोमेघ अवरक्त प्रकाशात तपासला. तेथे त्यांस सुमारे सातशे अंश केल्व्हिन तापमानाचा असा एक बिंदू सापडला की ज्याच्या जागी छायाचित्रांत काहीच नव्हते. १९६७ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. तो धुळीच्या वेष्टनातील महातारा होता. १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स व पेन्झियास यांनी त्याच दिशेने कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटर तरंगलांबीची रेडिओरेषा पकडली. थंड मेघातील हायड्रोजन रेणू स्वतः मुके असतात. या दुसऱ्या रेणूने त्यांच्या वतीने बोलावयास आरंभ केला. मग उघड झाले की तेजोमेघ हा एका विशाल कृष्णमेघाच्या पृष्ठभागावरील फोड मात्र आहे, आणि असे मेघ सूर्याच्या दहा हजारांपासून दहा लाख पट वस्तुमानाचे, शून्याच्या वर जेमतेम दहा-वीस अंश केल्व्हिन तापमानाचे असतात.

स्थळ सापडले, पण कोडे सुटले नाही. उलट ते अधिक टोकदार झाले. लहान तारा पडत्या वायूतून वाढतो आणि पतन थांबल्यावर निवांतपणे पेटतो. महाताऱ्याच्या गाभ्यात मात्र वस्तुमान जमणे चालू असतानाच संमीलन सुरू होते. त्याचा प्रकाश बाहेरून येणाऱ्या धूलिकणांवर आपटून त्यांस मागे लोटतो, आणि धुळीबरोबर वायूही मागे हटतो. लार्सन व स्टारफील्ड यांनी १९७१ मध्ये आणि कान याने १९७४ मध्ये केलेल्या गणितांप्रमाणे सूर्याच्या वीस ते चाळीस पटींच्या पुढे वाढ खुंटावयास हवी होती. आकाशात तर याहून कितीतरी मोठे तारे आहेत. मोठ्या मॅगेलन मेघातील एकाचे वस्तुमान दोनशे सूर्यांच्या आसपास मानले जाते. गणित चूक नव्हते. चूक होते ते चित्र: पतन सर्व बाजूंनी सारखे होते, हे गृहीत.

फिरणारा मेघ गोल पडत नाही. तो तबकडीच्या रूपाने पसरतो. तबकडीच्या दाटीतून द्रव्य आत येत राहते, आणि प्रकाश ध्रुवांच्या विरळ दिशांनी निसटतो. यॉर्क व झॉनहाल्टर यांच्या २००२ च्या संगणकीय गणिताने ही वाट दाखविली. २००९ मध्ये क्रुमहोल्झ व सहकारी यांच्या त्रिमिती गणितात प्रकाशाच्या दाबाने फुगलेल्या पोकळ्यांच्या भिंतींतूनही वायू बोटांसारखा आत घुसताना दिसला; त्यातून सूर्याच्या चाळीसपट व तीसपट अशा जोडताऱ्यांची निर्मिती झाली. २०१० मध्ये क्राउस व सहकाऱ्यांनी सुमारे वीस सूर्यांच्या तरुण ताऱ्याभोवतीची तबकडी चिलीतील दुर्बिणींच्या जोडणीने वेगळी ओळखली. वाढ एकसारखी नसून हप्त्याहप्त्याने होते, हेही दिसून आले आहे: २०१५ नंतर अशा दोन ताऱ्यांची तेजस्विता अचानक अनेक पटींनी वाढल्याचे नोंदले गेले, आणि तिचे कारण एकाएकी कोसळलेला वायूचा लोंढा हेच मानले जाते.

या शोधात महाराष्ट्राचा वाटा लहान असला तरी खरा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलूनद्वारे एक मीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण वातावरणात खूप उंचावर पाठवून ताराजन्माच्या प्रदेशांतील धुळीची उष्णता मोजली. आणि नारायणगावनजीक खोडद येथील रेडिओ दुर्बीण महाताऱ्यांभोवतीच्या आयनीभूत प्रदेशांच्या पाहणीस वापरली गेली आहे.

उरलेला वाद जीन्सच्या गणितातूनच निघतो. दहा अंश तापमानाच्या दाट मेघात त्याचे किमान वस्तुमान एका सूर्याच्या आसपास येते. मग मेघाचे शंभर लहान तुकडे न होता एक मोठा तारा का व्हावा? मॅकी व टॅन (२००२) यांच्या मते खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या आधाराने एकसंध जड गाभा टिकतो व तोच कोसळतो. बॉनेल आणि त्याचे सहकारी म्हणतात की गाभे सारे लहानच असतात; गुच्छाच्या मध्यभागी बसलेल्या भाग्यवंतास सामायिक वायू ओढून घेण्याची संधी अधिक मिळते, आणि तो फुगतो. पहिले मत खरे असेल तर अद्याप एकही तारा न पेटलेला जड गाभा कोठेतरी सापडला पाहिजे. १९९० नंतर उपग्रहांवरील अवरक्त दुर्बिणींनी आकाशगंगेच्या उजेडावर काळ्या छायेसारखे दिसणारे दाट मेघ मोठ्या संख्येने उघडकीस आणले, आणि त्यांत असे गाभे शोधले जाऊ लागले. चिलीतील ‘अल्मा’ दुर्बिणीने एकेक उमेदवार जवळून तपासला असता बहुतेकांत एकतर बारीक तुकडे निघाले, नाहीतर आतून बाहेर पडणारा वायूचा झोत दिसला, म्हणजे तारा आधीच घडू लागलेला होता. निर्विवाद म्हणता येतील असे जड, तारेविरहित गाभे अजून हाती नाहीत.

१९६७ चा तो बेकलिन-नॉयगेबाउअर तारादेखील शांत बसलेला नाही. त्याच्या व शेजारच्या तरुण ताऱ्यांच्या गती मोजून उलट नेल्या असता ते सुमारे पाचशे वर्षांपूर्वी एकाच ठिकाणी होते असे निघते. तेथे त्यांची निकट गाठ पडली, ते एकमेकांस भिरकावून देऊन दूर गेले, आणि त्या धक्क्याने फेकलेला वायू अजूनही बोटांच्या आकारात बाहेर धावतो आहे. गुच्छातील शेजारी महाताऱ्याच्या वाढीत किती हस्तक्षेप करतात, याचा हा मृगातलाच दाखला असून बॉनेल व मॅकी या दोन्ही पक्षांस त्याचा अर्थ लावावा लागत आहे.