फंक्शन-मागोवा, लिनक्स गाभ्यातील
परिचालन प्रणालीच्या गाभ्यातील कोणते फंक्शन केव्हा व कोठून पाचारले गेले, याची नोंद ठेवणारी सोय. लिनक्समध्ये स्टीव्हन रॉस्टेड यांनी विकसित केलेली ‘एफट्रेस’ ही यंत्रणा २.६.२७ या आवृत्तीत (ऑक्टोबर २००८) समाविष्ट झाली.

जीसीसी हा कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या आरंभी ‘एमकाउंट’कडे जाणारी आज्ञा घालतो. मागोवा नको असता तिच्या जागी निष्क्रिय आज्ञा ठेवतात व हवा असता चालू गाभ्यातच ती बदलतात. आज्ञेची लांबी, रजिस्टरांचे जतन व परतीचा पत्ता यांचे नियम भिन्न असल्याने हा भाग प्रत्येक प्रक्रियक-रचनेसाठी स्वतंत्र लिहावा लागतो. ६४-बिटी एआरएम रचनेत ही सोय २०१४ मध्ये आली.

अशा बदलांतील धोका प्रारंभीच दिसून आला. २.६.२७ च्या चाचणीकाळात इंटेलच्या ‘ई१०००ई’ वर्गातील काही जाळे-कार्डांची स्थायी स्मृती बिघडून ती निकामी झाली. प्रथम संशय कार्डाच्या चालक-आज्ञावलीवर आला. वस्तुतः दोष एफट्रेसमध्ये होता. तीत फंक्शनांचे पत्ते गाभा चालू असताना गोळा होत व आज्ञा नंतर बदलल्या जात. मधल्या काळात मुक्त झालेले पत्ते कार्डाच्या स्मृतीला मिळाले होते. तुलना-विनिमय आज्ञा तुलना फसली तरी लेखन-क्रिया करीत असल्याने हानी झाली. २.६.२७.१ मध्ये आज्ञा बदलणारा भाग बंद करण्यात आला. २.६.२८ (डिसेंबर २००८) पासून पत्त्यांची यादी संकलनाच्या वेळीच तयार होऊ लागली आणि जागेवरील आज्ञा अपेक्षित आहे हे पडताळूनच ती बदलण्याचा दंडक दृढ झाला.