मातीचं तेल कुठल्या मातीचं?

मराठीत एकाच पदार्थाला निदान तीन नावं आहेत. मुंबई-पुण्याकडे रॉकेल, म्हणजे 'रॉक ऑइल'. बऱ्याच ठिकाणी घासलेट, म्हणजे 'गॅसलाइट' या शब्दाचं आपल्या जिभेवर झालेलं रूप. आणि आमच्या गोंदियाकडे मातीचं तेल. (टुकार लिखाणाला 'घासलेटी' म्हणायची पद्धत कधी पडली कोण जाणे, पण ज्या उजेडात ते वाचलं गेलं त्या तेलावर हा अन्यायच.) पहिली दोन नावं बाहेरून आली हे ऐकताच कळतं. तिसरं मात्र फसवतं. जणू हे तेल इथल्याच कुठल्यातरी मातीतून निघत होतं.

आमची धानाची शेती बोदलकशाच्या कालव्याखाली आहे. तिरोडा तालुक्यातलं, नागझिऱ्याच्या जंगलाजवळचं हे तळं तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिलं असेल. टेकड्या, पाणी, हिवाळ्यात आलेले पक्षी. रीलमध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे बांध. हे मातीचं धरण १९१७ साली पूर्ण झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून या भागात कोहळी लोकांनी तळी बांधलेली होती, आणि दोन्हींचं तत्त्व एकच : पाणी उंचावर अडवायचं, उतारानं बांधीत सोडायचं. पंप नाही, इंजिन नाही. नांगराला बैल, वाहतुकीला बैलबंडी, बैलाला तणस, शेताला शेणखत. शंभर वर्षांपूर्वीच्या या शेतीत बाहेरून आणलेलं इंधन जवळजवळ शून्य होतं. अपवाद एकच, दिव्यातलं तेल. पूर्वी जवसाचं किंवा मोहाच्या बियांचं तेल जळायचं, त्याची जागा पत्र्याच्या चौकोनी डब्यातल्या तेलानं घेतली. डबा रिकामा झाला की धान्य ठेवायला, पाणी भरायला, आणि कापून सरळ केला की छपराला.

त्या डब्यातलं पुष्कळसं तेल ब्रह्मदेशातलं होतं. येनानजाउंगच्या विहिरी, रंगूनजवळ सिरियमची रिफायनरी, तिथून जहाजानं भारतातल्या बंदरांत आणि पुढे रेल्वेनं. नागपूर-कलकत्ता मार्गावर तिरोडा स्टेशन असल्यामुळे आमच्या भागाला ही वाट सोयीची. आता गंमत अशी की ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. म्हणजे कागदोपत्री हे देशी तेल! १ एप्रिल १९३७ ला ब्रह्मदेश वेगळा झाला आणि एका रात्रीत ते परदेशी ठरलं. विहिरी जागच्या जागीच होत्या, सरहद्द हलली. पाच वर्षांनी, १९४२ मध्ये, जपानी फौजा रंगूनकडे आल्या तेव्हा माघार घेणाऱ्या इंग्रजांनी सिरियमची रिफायनरी आणि येनानजाउंगच्या विहिरी स्वतःच्या हातानं उद्ध्वस्त केल्या. त्यानंतरची रॉकेलची टंचाई आणि रेशनिंग आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात 'लढाईचे दिवस' एवढ्याच शब्दांत यायचं.

पुरवठ्याइतकीच भावाचीही सूत्रं लांब होती. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीनं सोव्हिएत रशियाचं स्वस्त रॉकेल घेऊन भारतात विकायला सुरुवात केली. शेलचे प्रमुख हेन्री डेटर्डिंग यांची मालमत्ता बोल्शेविकांनी काढून घेतलेली होती. ते खवळले आणि त्यांनी भारतातले भाव पाडले. आपल्या कंदिलांवरून पेटलेलं हे भांडण अमेरिका-युरोपच्या बाजारात पसरलं. शेवटी १९२८ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमधल्या अक्नाकॅरी नावाच्या गढीत शेल, जर्सी स्टँडर्ड आणि अँग्लो-पर्शियन यांचे प्रमुख जमले आणि बाजारातला ज्याचा त्याचा वाटा आहे तसाच राहावा असं ठरवून मोकळे झाले. त्याच वर्षी भारतात विक्रीसाठी बर्मा-शेल ही कंपनी उभी राहिली. कंदील लावणाऱ्याला यातलं काहीच माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याला भाव तेवढा कळायचा.

स्वातंत्र्यानंतर वाटलं, रिफायनरी आपल्या किनाऱ्यावर आली की प्रश्न सुटला. १९५४ मध्ये तुर्भ्याला स्टॅनव्हॅकची रिफायनरी सुरू झाली, १९५५ मध्ये तिथेच माहुलला बर्मा-शेलची. पण करार वाचले की जमिनीवर यायला होतं. कच्चं तेल कंपन्या स्वतःच्याच स्रोतांतून आणणार, आणि सरकार पुढची पंचवीस वर्षं राष्ट्रीयीकरण करणार नाही. भाव कसा ठरायचा? इराणच्या आखातातला जाहीर भाव, अधिक जहाजभाडं, विमा, वाटेतली गळती, कंपनीचा मोबदला. तेल माहुलमध्ये शुद्ध झालं तरी हिशेब असा, जणू ते तयार होऊनच रास तनुराहून बोटीत चढलं. या पद्धतीला आयात-समतुल्य भाव म्हणतात. थोड्याफार फरकानं ती आजही चालू आहे, म्हणून हे नाव लक्षात ठेवा.

१९६० मध्ये सोव्हिएत संघानं बाजारापेक्षा बरंच स्वस्त कच्चं तेल देऊ केलं. भारताकडे विदेशी चलनाची चणचण, त्यात रुपयात पैसे घ्यायला ते तयार. पण मुंबईच्या रिफायनऱ्यांनी ते शुद्ध करायला साफ नकार दिला. रिफायनरी आपल्या जमिनीवर, कामगार आपले, तेल कुठलं घालायचं हे मात्र लंडन-न्यूयॉर्कला ठरणार. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात शिकवणारा प्रसंग हाच आहे, कारण यातून सरकार खरोखर काहीतरी शिकलं. कंपन्यांवर दबाव आला, त्यांनी आपल्या कच्च्या तेलावर सूट दिली, दामले समितीनं १९६१ मध्ये ही सूट हिशेबात धरून भाव ठरवायला सांगितलं. नव्या सरकारी इंडियन ऑइलनं तयार डिझेलच आणलं. ऑगस्ट १९६० मध्ये 'उझगोरोद' हे सोव्हिएत जहाज मुंबईच्या पीर पाव धक्क्याला लागलं. २०२२ नंतर भारतानं रशियाचं सवलतीतलं तेल घ्यायला सुरुवात केली, त्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आतून एक तृतीयांशाच्या वर गेला. तेव्हा ज्यांना हे सगळं नवीन वाटलं त्यांनी १९६० कडे जरूर पाहावं.

१९७३ च्या ऑक्टोबरातल्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत तेल पिंपाला सुमारे तीन डॉलरवरून जवळपास बारावर गेलं. अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले ते याच वर्षी नोव्हेंबरात. तो फोटो दर दरवाढीला तुमच्या व्हॉट्सअॅपवर येतो. पण धानवाल्यांना फटका पेट्रोलनं बसला नाही, खतानं बसला. तोवर बोदलकशाच्या पाण्याखाली नवी बियाणी आली होती, त्यांना युरिया लागायचा, आणि युरिया बनायचा तेलातून निघणाऱ्या नाफ्त्यापासून. १९७४ च्या जूनमध्ये युरियाचा भाव जवळपास दुप्पट झाला. पाणी उतारानं येत होतं, खत मात्र आखातातून.

त्याच वर्षी फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या जपानी बनावटीच्या जहाजानं मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं. मे १९७६ मध्ये बॉम्बे हायमधून उत्पादन सुरू झालं. तोवर एस्सो आणि बर्मा-शेल सरकारजमा झाल्या होत्या. पुढची दहा वर्षं सुखाची. १९८० च्या दशकाच्या मध्यावर देशाच्या गरजेच्या दोन तृतीयांशाच्या आसपास तेल देशातच निघत होतं. पण विहिरी म्हाताऱ्या होतात आणि मोटारसायकली वाढत जातात. १९९० मध्ये इराक कुवेतमध्ये शिरलं, आपले दोन मोठे पुरवठादार एकदमच बंद झाले. आधीच डळमळीत असलेली तिजोरी तेलाच्या बिलानं आणखी खचली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचं सत्तेचाळीस टन सोनं तारण म्हणून विमानानं परदेशी गेलं.

सरकारनं यावर काढलेला उपाय माणुसकीचा होता : गरिबाचं रॉकेल स्वस्त ठेवायचं. रेशनच्या दुकानातली ती लांबलचक रांग, हातात प्लास्टिकचा कॅन, मीही त्या रांगेत उभा राहिलोय. पण रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग असलं की एकात दुसरं मिसळणाऱ्याचं फावतं. मुंबईहून आलेलं तेल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकरनं फुटतं. तिथे २५ जानेवारी २०११ रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी टँकरमधली चोरी पकडली आणि तेलमाफियांनी त्यांना भरदिवसा जिवंत जाळलं. कल्याणकारी धोरणाच्या फटीतून इतकं मोठं गुन्हेगारी अर्थकारण वाढू शकतं, हे धोरण लिहिणाऱ्यांना आधी दिसायला हवं होतं.

पुढचं तुम्ही स्वतः पाहिलंय. पेट्रोलचा भाव २०१० मध्ये मोकळा झाला, डिझेलचा २०१४ मध्ये. २०१६ पासून रॉकेल थोड्या-थोड्या पैशांनी वाढत गेलं, गॅस आला, रांग संपली. 'मोकळा भाव' म्हणजे जगात उतरला की इथेही उतरणार, असं सांगितलं गेलं होतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जगात तेलाला कुणी विचारेना, एके दिवशी अमेरिकेत भाव शून्याखाली गेला. तेव्हाच मार्च आणि मे महिन्यांत केंद्रानं उत्पादन शुल्क पेट्रोलवर तेरा रुपयांनी आणि डिझेलवर सोळा रुपयांनी वाढवलं. राज्याचा व्हॅट वेगळाच. आयातीवरचं अवलंबित्व म्हटलं की आपण आखाताकडे बोट दाखवतो, पण सरकारी तिजोऱ्याही या तेलावर तितक्याच अवलंबून आहेत. त्यांना भाव पडलेला परवडत नाही.

आज भारताची शुद्धीकरणाची क्षमता वर्षाला पंचवीस कोटी टनांच्या वर आहे. आपण डिझेल निर्यातही करतो. आणि कच्चं तेल पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर आयात करतो. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरला जमिनीखाली खोदलेल्या गुहांतला आपत्कालीन साठा काठोकाठ भरला तरी ५३ लाख टन, म्हणजे साडेनऊ दिवस. रत्नागिरीत आधी नाणार आणि मग बारसूला आणखी एक प्रचंड रिफायनरी आणायचा घाट घातला गेला, सौदी आणि अमिरातीच्या कंपन्यांच्या भागीदारीत. त्यावरचा वाद रोजगार विरुद्ध पर्यावरण असा रंगला, आणि तो खराच आहे. पण माहुलचा इतिहास वाचलेल्या माणसाला आणखी एक प्रश्न पडतो : त्यात घालायचं तेल कुणाचं, आणि त्याचा भाव कोण सांगणार?

बोदलकशाचं पाणी अजूनही उतारानंच येतं. बाकी शेतीत उतारानं येण्यासारखं काही उरलेलं नाही. बैल विकले गेले, चिखलणी ट्रॅक्टरनं, कापणी-मळणी हार्वेस्टरनं, आणि धान मिलपर्यंत पिकअपनं. यंदा रोवणीच्या आधी ट्रॅक्टरवाल्याला तासाचा दर विचारला, तर त्यानं आधी मोबाइल काढून तिरोड्याच्या पंपावरचा डिझेलचा भाव पाहिला आणि मग आकडा सांगितला.