अंगठ्याच्या नखाएवढें दप्तर



आमच्या वऱ्हाडांत ज्वारी सांठविण्याकरितां पूर्वीं जमिनींत पेवें खणीत असत. तोंड दगडमातीनें बुजवून वरून सारवीत. परक्याला पत्ता लागूं नये आणि घरच्याला मात्र अडीअडचणीस धान्य हाताशीं असावें, हा त्यांतील हेतु. आज मी ज्याची हकीकत सांगणार आहें, तें संगणकाच्या पोटांतील असेंच एक पेव आहे. इंग्रजींत त्यास 'कॅश' म्हणतात. उच्चार रोकडीच्या शब्दासारखा असला तरी हा शब्द निराळा. 'लपविणें' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो आला आहे. आसेगांवीं माझ्या घरीं संगणक दुरुस्तीस आलेला मुलगा 'गुरुजी, कॅश साफ करावी लागेल' असें म्हणाला, तेव्हां माझा हात खिशाकडे गेला होता.

संगणकशास्त्रांत या कल्पनेचा उगम फार जुना नाहीं. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनीं 1965 सालीं ती 'दास-स्मृति' या नांवानें मांडिली, आणि 1968 मध्यें आय.बी.एम. कंपनीच्या 'सिस्टिम 360, मॉडेल 85' या यंत्राच्या वर्णनांत 'कॅश' हा शब्द पुढें आला. दूरच्या मोठ्या कोठारांतून तोच जिन्नस पुनःपुन्हा आणण्यापेक्षां त्याची एक प्रत जवळ ठेवावी, एवढेंच त्यांतील तत्त्व.

फाइल लपविण्याच्या पद्धतीचा इतिहास याहून गमतीचा आहे. 1970 च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत युनिक्स ही प्रणाली तयार होत असतांना, प्रत्येक कप्प्यांत एक टिंब व दोन टिंबें अशा नांवांच्या दोन नोंदी आपोआप असत. यादींत त्या दिसूं नयेत म्हणून कोणीं तरी 'ज्या नांवाच्या आरंभीं टिंब, तें नांव गाळावें' असा सोपा उपाय योजिला. परिणाम असा झाला कीं, टिंबानें आरंभ होणारी कोणतीहि फाइल यादींतून अदृश्य होऊं लागली. युनिक्सच्या मंडळींत पुढें काम केलेले रॉब पाइक यांनीं 2012 मध्यें ही हकीकत लिहून, तो हेतुपुरस्सर ठेविलेला गुण नसून चूक होती, असें सांगितलें. चुकीची वहिवाट पडली म्हणजे तिला नियमाचा मान मिळतो, हें शाळाखात्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला नवें नाहीं.

आतां लघुप्रतिमांकडे वळूं. कप्पा उघडतांच त्यांतील छायाचित्रें अंगठ्याच्या नखाएवढीं दिसावींत, तर यंत्राला प्रत्येक मोठें चित्र उघडून लहान करावें लागतें. दर वेळीं हा व्याप नको म्हणून तें लहान चित्र एकदांच करून लपवून ठेवावयाचें, अशी योजना झाली. मायक्रोसॉफ्टच्या 2001 सालच्या विंडोज एक्सपीमध्यें ज्या कप्प्यांत छायाचित्रें, त्याच कप्प्यांत 'थंब्ज डॉट डीबी' नांवाची गुप्त फाइल असे. 2007 मध्यें सर्वांकरितां विक्रीस आलेल्या व्हिस्टापासून हीं पेवें प्रत्येक वापरणाऱ्याच्या खात्यांत एके ठिकाणीं आलीं, व त्यांचीं नांवें 'थंबकॅश 96', 'थंबकॅश 256' अशीं पडलीं. आंकडा चित्राच्या बिंदूंचा.

परंतु या व्यवस्थेची खरी मेख पुढेंच आहे. मूळ छायाचित्र पुसलें तरी लहान प्रत पुष्कळदां तशीच राहते. इतिहासाच्या अभ्यासकास यांत नवल वाटूं नये. आपल्या कचेऱ्यांत आवक-जावक नोंदविणाऱ्या शाखेला अजूनहि बारनिशी म्हणतात. अर्ज गहाळ होतो, पण बारनिशीच्या वहींतील त्याची एक ओळ टिकते. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरीं राहिलेल्या शकावलींतील त्रोटक नोंदी लोकमान्य टिळकांनीं 1916 मध्यें प्रसिद्ध केल्या, आणि त्यांतील एका नोंदीनें शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद शके 1551 च्या फाल्गुन वद्य तृतीयेकडे झुकविला. मोठमोठ्या बखरींनीं जें दिलें नाहीं, तें त्या एका ओळीनें दिलें.

माझ्या घरींहि असाच प्रसंग आला. 2008 सालीं पोळ्याच्या दिवशीं घेतलेलीं कांहीं छायाचित्रें मीं संगणकावर ठेविलीं होतीं. पुढें जागा अपुरी पडूं लागली, म्हणून तीं एका तबकडीवर उतरवून घेतलीं व यंत्रांतून पुसून टाकिलीं. तबकडी आमच्या उन्हाळ्यांत कपाटांत पडून राहिली आणि निकामी झाली. त्या छायाचित्रांपैकीं एकांत माझी पत्नी बैलांना ओवाळीत होती. ती आतां नाहीं, आणि तिचें दुसरें असें छायाचित्रहि आमच्यापाशीं नाहीं. ती कॅमेऱ्यासमोर उभी राहात नसे.

गेल्या वर्षीं पुतण्यानें जुन्या यंत्राची डिस्क उघडली. कप्पा रिकामा दिसत होता. त्यानें गुप्त फाइली दाखविण्याची खूण केली, तों एकटी थंब्ज डॉट डीबी तेथें बसलेली. ती उघडण्यापूर्वीं त्यानें तिची नक्कल करून घेतली, हें शहाणपणाचें केलें. कारण तसल्या कप्प्यांत वावर झाला कीं यंत्र ती फाइल पुन्हा लिहूं शकतें. मग एका लहानशा प्रोग्रामच्या साहाय्यानें आंतील चित्रें बाहेर काढिलीं. मूळ छायाचित्र 2048 गुणिले 1536, म्हणजे एकतीस लक्षांहून अधिक बिंदूंचें. हें 96 गुणिले 72, अवघ्या 6,912 बिंदूंचें. साडेचारशें भागांतून एक भाग उरला. लुगडें हिरवें आहे, हातांत तबक आहे, बैलाचें शिंग रंगविलेलें आहे, चेहरा मुगाएवढा. ती हंसते आहे कीं काय, तें कळत नाहीं. मोठें करूं गेलें कीं नुसते चौकोन दिसतात.

पेव उघडल्याबरोबर आंत उतरूं नये, कोंडलेल्या वायूनें माणूस दगावतो, असें आमचे वडील मंडळी सांगत. त्या आनंदांत मला दुसरी गोष्ट उशिरां सुचली. शिष्यवृत्तीच्या दिवसांत गांवांतील मुलें व त्यांच्या माता अर्ज भरण्यास माझ्याकडे येतात. आधार-पत्र, बँकेचें पुस्तक, उत्पन्नाचा दाखला यांचीं चित्रें माझ्या संगणकावर घेतलीं जातात. काम होतांच मी तीं त्यांच्यासमोर पुसून, कचऱ्याची टोपली रिकामी करून, 'पुसलें बरें का' असें सांगत आलों. आतां नव्या संगणकाचें पेव उघडून पाहिलें, तों तेथें किती तरी ओळखीचे चेहरे बसलेले! 96 बिंदूंच्या चित्रांत अक्षर लागत नाहीं हें खरें, पण 256 च्या चित्रांत माणूस ओळखूं येतो, आणि कागद कोणता हेंहि समजतें. विश्वासानें आलेल्या माणसांना मीं नकळत कां होईना, खोटें सांगितलें होतें. पुसलेल्या चित्रांचा माग काढणारे तज्ज्ञ गुन्ह्याच्या तपासांत याच फाइली धुंडाळतात, तें योग्यच. पण माझ्याकडे आलेल्या बायांनीं कोणता गुन्हा केला होता?

उपाय कठीण नाहीं. विंडोजच्या 10 व 11 या आवृत्त्यांत सेटिंग्जमधील सिस्टिम, तेथें स्टोरेज व त्यांत टेंपररी फाइल्स असें जावें, आणि यादींतील 'थंबनेल्स' एवढ्यापुढेंच खूण करून त्या काढून टाकाव्या. इतर खुणा नीट वाचून मगच ठेवाव्या. मूळ छायाचित्रांना यानें धक्का लागत नाहीं. कप्पा पुन्हा उघडला कीं यंत्र नवीं लहान चित्रें करून घेतें, म्हणून जागा वाचविण्यासाठीं दर आठवड्यास हा उद्योग करणें मला व्यर्थ वाटतें. ज्यांना पेवच नको, त्यांनीं फोल्डरच्या पर्यायांत लघुप्रतिमांऐवजीं नेहमीं केवळ चिन्हें दाखविण्याची आज्ञा द्यावी. मात्र संगणक विकावयाचा असेल तर एवढ्यानें भागत नाहीं. डिस्क समूळ पुसून घ्यावी.

त्या मातांपैकीं ज्या भेटल्या, त्यांना मीं झालेला प्रकार सांगितला. एकीनें विचारलें, 'मग गुरुजी, आतां तरी गेलें का?' तिला मीं तें पेव रिकामें झालेलें दाखविलें. जुन्या यंत्रांतील ती फाइल मात्र, नांवहि न बदलतां, दोन निरनिराळ्या ठिकाणीं जपून ठेविली आहे.