‘कंदीसा’ : रॉक बँडने गायलेली नर्मदा

‘कंदीसा’ हा ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडचा अल्बम टाइम्स म्युझिकने २००० साली प्रसिद्ध केला. त्यात सात रचना आहेत. आपल्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची म्हणजे ‘मा रेवा’, नर्मदेच्या खोऱ्यातले एक लोकगीत. रेवा हे नर्मदेचेच नाव. भोपाळहून होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम्) सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. आपल्यापैकी अनेकांच्या घरी नळाला नर्मदेचे पाणी येते आणि कित्येक घरांत कोणी ना कोणी परिक्रमा केलेली असते. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ वाचून नर्मदेकडे ओढली गेलेली मराठी माणसे तर असंख्य. म्हणून मंडळाच्या संगीतविषयक नोंदींमध्ये या अल्बमचा परिचय असावा, असे आम्हांला वाटले.

बँडची घडण

बँडची सुरुवात १९९० च्या सुमारास सुस्मित सेन (गिटार) आणि आशीम चक्रवर्ती (तबला व गायन) यांनी केली. पुढे राहुल राम (बेस गिटार व गायन) आणि अमित किलम (ड्रम्स) आले. ‘कंदीसा’ या चौघांचा. पहिला अल्बम १९९३ चा, त्यानंतर १९९७ मध्ये ‘डेझर्ट रेन’ हे प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिमुद्रण आले. ‘कंदीसा’ने मात्र त्यांचे नाव देशभर पोहोचवले. आशीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी निवर्तले आणि सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले. बँड आजही कार्यक्रम करतो.

गाणे कुठून आले

राहुल राम यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट घेतली. भारतात परतल्यावर ते काही वर्षे नर्मदा बचाव आंदोलनात होते. खोऱ्यात राहताना ऐकलेले हे गाणे त्यांनी बँडकडे आणले.

या गाण्याचा काळही ध्यानात घ्यावा. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारी गावे मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात या तिन्ही राज्यांतली. महाराष्ट्रातील अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली हे सुरुवातीला बुडालेल्या गावांपैकी एक. आंदोलनाच्या रेट्यानंतर जागतिक बँकेचे कर्ज १९९३ मध्ये थांबले. पण १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पुढे नेण्यास परवानगी दिली. म्हणजे हा निकाल आणि हा अल्बम एकाच वर्षातले. पुढे २००४ मध्ये इंदिरासागर धरणासाठी खंडवा जिल्ह्यातले हरसूद गाव उठले.

धरण हवे की नको, यावर आपल्या सभासदांत दोन मते आहेत आणि तो वाद येथे सोडवायचा नाही. शेतीला पाणी आणि वीज मिळाली हे खरे. गावे गेली हेही खरे. हिशेबाच्या वहीत जमा आणि नावे दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. पण बुडालेले शेत आणि घर यांची किंमत भरपाईच्या कागदावर मांडता येते. गावात म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांसाठी त्या कागदावर रकाना नसतो. गाव पांगले की एकत्र गाणारी माणसे पांगतात. ‘मा रेवा’ अल्बममध्ये आले म्हणून ते गाव वाचले असे नव्हे, पण गाणे मात्र दूरदूरच्या लोकांच्या कानी गेले.

अल्बममध्ये काय ऐकावे

‘मा रेवा’त तबला आणि ड्रम्स एकत्र वाजतात. पाश्चात्त्य रॉकमधला गोंगाट येथे नाही. सुस्मित सेन यांची गिटार रागाच्या अंगाने सूर धरते. ‘हिल्ले ले’ हे गोरख पांडे या भोजपुरी कवीचे आंदोलनगीत. शीर्षकाचे ‘कंदीसा’ हे केरळमधील सीरियन ख्रिस्ती परंपरेतील अरामाईक भाषेचे स्तोत्र असून त्या शब्दाचा अर्थ ‘पवित्र’. ‘खजुराहो’ हे नाव तर आपल्याच राज्यातले. एकाच अल्बममध्ये नदीचे लोकगीत, लढ्याचे गीत आणि चर्चमधली प्रार्थना सुखाने नांदतात. प्रथमच ऐकणाऱ्या ज्येष्ठांनी ‘मा रेवा’पासून सुरुवात करावी, ‘कंदीसा’ शांत वेळी, आवाज बेताचा ठेवून ऐकावे.

परदेशातले असेच प्रयोग

गावाकडच्या गाण्याला शहरी, बंडखोर संगीताची जोड देण्याचे प्रयोग इतरत्रही झाले. अमेरिकेतील ‘कंट्री’ म्हणजे ग्रामीण गोऱ्यांचे गिटार-फिडलवरचे गाणे: शेती, घर, विरह, देव. ‘पंक’ हे १९७० च्या दशकातले शहरी तरुणांचे. सूर मोजके, वेग भरपूर, आविर्भाव रागाचा. इंग्लंडमधील लीड्स शहराचा ‘मेकॉन्स’ हा पंक बँड. खाणकामगारांचा १९८४-८५ चा मोठा संप हरला, त्याच सुमारास त्यांनी कंट्रीची कास धरून ‘फिअर अँड व्हिस्की’ (१९८५) काढला. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या ‘अंकल टुपेलो’ने १९९० मध्ये ‘नो डिप्रेशन’ हा अल्बम केला. त्याचे नाव कार्टर फॅमिलीने १९३६ मध्ये मुद्रित केलेल्या जुन्या गाण्यावरून घेतले आहे.

‘इंडियन ओशन’चे संगीत पंक नाही. पण तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. कष्टकऱ्यांवर वाईट दिवस आले, तेव्हा शहरातल्या वादकांना जुन्या गाण्यांची आठवण झाली. ते गाणे त्यांनी शोभेसाठी वापरले नाही, त्यातली तक्रार जिवंत ठेवली.

भोपाळशी आणखी एक धागा

भोपाळजवळच्या रायसेन जिल्ह्यातील बडवाई गावात चित्रित झालेल्या ‘पीपली लाइव्ह’ (२०१०) या चित्रपटात ‘देस मेरा’ हे गाणे ‘इंडियन ओशन’चेच. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरील या चित्रपटात हबीब तन्वीर यांच्या नया थिएटरमधले ओंकारदास माणिकपुरी प्रमुख भूमिकेत आहेत.

आपल्यासाठी

लोकगीत सांभाळायला रॉक बँडच हवा असे नाही. भोंडल्याची, जात्यावरची, मंगळागौरीची गाणी भोपाळमधल्या आपल्या आज्यांना अजून पाठ आहेत. त्यात माळव्या-बुंदेलखंडातले शब्दही मिसळले आहेत, आणि ते तसेच राहू द्यावेत. नातवंडांनी मोबाइलवर ती ध्वनिमुद्रित करावीत. गाणारीचे नाव, मूळ गाव आणि गाणे कोणाकडून शिकली, एवढे सोबत लिहावे. अशी ध्वनिमुद्रणे मंडळाच्या कार्यालयात दिल्यास आम्ही ती जपून ठेवू.