नाल की अनवाणी?

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "रपेटीसाठी घोडी घेतली आहे. नाल ठोकायचे की तशीच ठेवायची?" इतिहासाच्या मंडळींना हे विचारावं की नालबंदाला, हा भाग वेगळा. पण प्रश्न जुना आहे, म्हणून आज तोच घेऊ.

ग्रीक सेनानी झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात नालाचं नावही नाही, कारण खिळ्यांनी ठोकायचा नाल त्याच्याकडे नव्हताच. मग लढाईचा घोडा चालायचा कसा? तो म्हणतो, विकत घेताना आधी पाय बघा; खुराची भिंत जाड हवी. ओल्या, गुळगुळीत जमिनीवर घोडा बांधू नका. आणि तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या गोटे पसरा, मुठीएवढे, वजनाला साधारण अर्धा किलो. ते इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून भोवती लोखंडी कड घाला. खरारा तिथेच करायचा. माश्या बसल्या की घोडा पाय आपटणार, तो गोट्यांवरच!

आजचे अनवाणीवाले झेनोफनचा दाखला हमखास देतात. नाल नव्हता एवढं त्यांच्या लक्षात राहतं, गोट्यांचं अंगण मात्र विसरलं जातं. अनवाणी ठेवणं म्हणजे काहीच न करणं, असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही.

रोमन लोकांनी धातूचा तळ पट्ट्यांनी पायाला बांधून पाहिला. (आज मिळणारे रबरी बूट त्याच कुळातले.) खिळ्यांचा नाल युरोपात सर्रास दिसू लागतो तो नवव्या-दहाव्या शतकापासून. ओली जमीन, लिदीत उभं राहणं, वर चिलखतधारी स्वार. अशा ठिकाणी झेनोफनचा कोरडा उपाय पुरा पडला नसता.

पण नालाची किंमतही होतीच. ब्रेसी क्लार्क या इंग्रज पशुवैद्याने १८०९ मध्ये आपले प्रयोग छापले. खूर म्हणजे लाकडाचा ठोकळा नव्हे. वजन पडलं की तो किंचित फाकतो, उचलला की आवळतो, आणि खिळे ठोकलेलं लोखंड ही हालचाल अडवतं, हे त्याचं म्हणणं. त्याने सांधा असलेला नालही काढला. तो फारसा रुजला नाही. निरीक्षण मात्र टिकलं.

आपल्याकडे मराठी दफ्तरांत 'नालबंदी' हा शब्द भेटतो. स्वतःचा घोडा आणणाऱ्या शिलेदाराला तयारीसाठी दिलेली ही आगाऊ रक्कम. नाल हा घोड्याच्या खर्चाचा इतका ठरलेला भाग, की सगळ्या उचलीलाच त्याचं नाव पडलं. त्यावरून प्रत्येक घोडा नाल ठोकलेला होता, असं मात्र आम्ही म्हणणार नाही.

आता आमचीच फजिती सांगतो. क्लार्क वाचून आम्ही आमच्या घोडीचे चारही नाल काढले, तेही ऐन श्रावणात. खूर भिजून मऊ झालेले, आणि बाहेर खडीचा रस्ता. तिसऱ्या दिवशी घोडी लंगडली. महिनाभर रपेट बंद. शेवटी नालबंद आला, पाय उचलून बघितले, आणि फक्त पुढचे दोन ठोकले. वजन जास्त पुढेच असतं, म्हणाला. मागचे अजून तसेच आहेत, दर सहा आठवड्यांनी तासून घेतो. अंगणात गोटेही टाकलेत, दोनच गाड्या.